हिमचष्म्याची कुळकथा

इ. स. १९२४ च्या ४ जून रोजी ब्रिटिश एव्हरेस्ट-मोहिमेचे नायक एडवर्ड नॉर्टन हे प्राणवायूच्या नळकांड्यांचे साहाय्य न घेता २८,१२६ फूट उंचीपर्यंत जाऊन पोचले. शिखर अवघे नऊशे फूट उरले होते. त्यांचे सोबती डॉक्टर हॉवर्ड सॉमरवेल, ज्यांनी आपल्या आयुष्याची अनेक वर्षे त्रावणकोरातील नेय्यूर येथील रुग्णालयात शस्त्रवैद्य म्हणून घालविली, ते घशाच्या विकाराने बेजार होऊन थोडे खाली थांबले होते. नॉर्टन एकटेच पुढे सरकत होते. त्या बाजूला बर्फ थोडा आणि खडक फार. घराच्या छपरावर कौले बसवावीत तशा एकीवर एक टेकलेल्या, बाहेरच्या अंगाला उतरत्या शिळा. अशा जागी पाऊल नेमके कोठे पडते आहे हे दिसणे म्हणजेच जीव राखणे. ते नीट दिसावे म्हणून नॉर्टन यांनी डोळ्यांवरचा गडद चष्मा काढून ठेवला होता. खडक काळपट आहे, त्यापासून डोळ्यांना काय भय, अशी त्यांची समजूत असावी. एकाच वस्तूच्या दोन दोन आकृती त्यांना दिसू लागल्या. तो प्रकार प्राणवायूच्या अभावाचा असल्याचे पुढे ठरले. परंतु रात्री छावणीत परतून ते आडवे झाले आणि डोळ्यांत वाळू भरल्यासारख्या वेदना सुरू झाल्या. सकाळी त्यांना काहीच दिसेना. ६ जून रोजी मॅलरी आणि अर्व्हिन हे दोघे अखेरच्या चढाईसाठी निघाले, तेव्हा मोहिमेचा नायक तंबूत आंधळा होऊन पडला होता. त्याने त्यांचा हात हाती घेतला. त्यांचे जाणे त्याला दिसले नाही. ते दोघे परत आले नाहीत.

या हकिकतीत चष्म्याचा दोष कोणता? त्याची काच वाईट नव्हती. तो नॉर्टन यांच्याजवळ होता, पण डोळ्यांवर नव्हता; आणि डोळ्यांवर नव्हता याचे कारण असे की तो असताना दिसावे तसे दिसत नव्हते. हिमप्रदेशात मनुष्याने डोळे झाकण्यासाठी जी जी साधने निर्माण केली, त्यांचा इतिहास तपासला तर हाच घोटाळा पुनःपुन्हा आढळतो. साधन डोळ्यांस वाचविते, परंतु दृष्टीस अडविते. मग मनुष्य थोड्या वेळापुरते म्हणून ते दूर करतो, आणि तेवढा वेळ पुरेसा होतो. आज थंडीच्या सुटीत गुलमर्गला किंवा औलीला जाणारी मंडळी दुकानात जो रंगीबेरंगी गॉगल उचलून तोंडाला लावून पाहतात, त्याच्या प्रत्येक भागामागे या झगड्याचा इतिहास आहे.

प्रथम शत्रूची ओळख करून घेतली पाहिजे. सूर्यप्रकाशात डोळ्यांना दिसणाऱ्या रंगांच्या पलीकडे, जांभळ्याच्याही पार, जे किरण असतात त्यांना पूर्वी जंबुपार किरण म्हणत; आता अतिनील हा शब्द रूढ आहे. हे किरण दिसत नाहीत, म्हणून त्यांच्यापासून पापणी आपोआप मिटत नाही. गवत त्यांच्यापैकी दहा टक्केही परत फेकीत नाही; समुद्रकाठची कोरडी वाळू सुमारे १५ टक्के फेकते; आणि ताजे पडलेले हिम ८० टक्क्यांपर्यंत. त्यातच दर हजार मीटर चढल्यावर हे किरण सुमारे दहा टक्क्यांनी तीव्र होतात. म्हणजे मैदानात टोपीच्या काठाने जे संरक्षण मिळते ते बर्फावर मिळत नाही. तेथे ऊन खालून येते. बुबुळावर जे पारदर्शक पटल आहे त्याचा वरचा थर या किरणांनी अक्षरशः भाजून निघतो. यातील कपट असे की त्या वेळी काहीच जाणवत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुधा रात्री, डोळे लाल होतात, पाणी गळू लागते, दिव्याची ज्योतही सोसवत नाही. एक ते तीन दिवसांत नवा थर येऊन दृष्टी बहुतेक परत मिळते. परंतु उंच पर्वतावर दोन दिवस आंधळे राहणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको. हा अपराध उष्णतेचा नाही, थंडीचाही नाही, केवळ लखलखाटाचाही नाही, तर अदृश्य किरणांचा आहे, हे स्वीडनमधील नेत्रवैद्य योहान विडमार्क यांनी १८८९ मध्ये प्रयोगाने दाखविले.

कारण उशिरा कळले. उपाय मात्र फार जुना आहे. ख्रिस्तपूर्व ४०१ सालच्या हिवाळ्यात ग्रीक भाडोत्री सैन्य पराभवानंतर आर्मेनियाच्या पठारावरून मायदेशाकडे परतत होते. त्या सैन्याबरोबर असलेल्या झेनोफनने लिहून ठेवले आहे की हिमाने कित्येक शिपायांची दृष्टी गेली, आणि जे डोळ्यांपुढे काहीतरी काळे धरून चालले त्यांना आराम पडला. तिबेटात याकच्या काळ्या केसांची जाळीदार पट्टी विणून डोळ्यांवर बांधीत. अशा पट्ट्या आजही वस्तुसंग्रहालयांतून पाहावयास मिळतात. त्या हलक्या, उबदार, आणि वारा त्यांच्यातून खेळतो. पण या सर्वांत शहाणी युक्ती उत्तर ध्रुवाजवळच्या इनुइट लोकांची.

ज्यांना पूर्वी एस्किमो म्हणत त्या या लोकांच्या मुलखात झाड दुर्मीळ. नदीने वाहून आणलेले लाकूड, कॅरिबू नावाच्या हरणाचे शिंग, वॉलरसचा सुळा किंवा हाड, एवढीच सामग्री. त्यातून ते चेहऱ्याला बसेल असा वक्र तुकडा कोरीत आणि त्यात डोळ्यांसमोर एक आडवी, बारीक फट ठेवीत. काच नाही, रंग नाही, केवळ फट. त्यांच्या भाषेत याला इग्गाक म्हणतात. अशा चष्म्यांचे अवशेष बेरिंगच्या सामुद्रधुनीच्या परिसरात फार प्राचीन वस्त्यांतून सापडले आहेत. तेथून पूर्वेकडे, कॅनडा आणि ग्रीनलंडपर्यंत, थूले संस्कृतीच्या लोकांबरोबर ही कला गेली.

वरवर पाहता ही ओबडधोबड वस्तू वाटते. पण ती हातात घेऊन विचार केला म्हणजे कारागिराच्या बुद्धीचे कौतुक वाटते. आपणही भर दुपारी कातळावरून चालताना डोळे किलकिले करतो. ही फट म्हणजे तेच किलकिलेपण, स्नायूंना न दमविता कायम करून ठेवलेले. वरून आकाशाचा आणि खालून हिमाचा प्रकाश तिने तोडला जातो आणि क्षितिजाकडील थोडा तेवढा आत येतो. शिवाय अरुंद फटीतून पाहताना दूरची वस्तू अधिक रेखीव दिसते, कारण इकडून तिकडून येणारे, प्रतिमा पुसट करणारे किरण गाळले जातात. नजर थोडी अधू झालेल्या म्हाताऱ्या शिकाऱ्यालाही बर्फावरचा सील ओळखू यावा, हा त्यात आयता लाभ. आतल्या बाजूला काजळी फासलेली असे, म्हणजे आत शिरलेला प्रकाश भिंतीवरून उसळून डोळ्यांत जाऊ नये. आपल्याकडे काजळ डोळ्यांत घालतात, तिकडे ते चष्म्याला घालीत. हेतूतील साम्य मौजेचे आहे.

तथापि सर्वांत मोठा गुण वेगळाच. हा चष्मा एकाच माणसाच्या तोंडासाठी कोरलेला असे. नाकाच्या दांड्यावर, गालाच्या हाडावर, कपाळावर तो असा बसे की कडेने प्रकाशाचा कवडसा आत येऊ नये. आणि काच नसल्यामुळे त्याच्यावर श्वासाची वाफ धरत नसे. कातड्याला धातूचा स्पर्श नाही, म्हणून कडाक्याच्या थंडीतही तो चेहऱ्याला डसत नाही. एकंदरीत, दिवसभर डोळ्यांवर राहू शकेल अशी वस्तू त्या लोकांनी घडविली होती. तिची उणीव एकच: पायाजवळचे आणि कडेचे दिसत नाही, त्यासाठी मान वळवावी लागते. दबा धरून बसणाऱ्या शिकाऱ्याला किंवा कुत्र्यांच्या घसरगाडीमागून चालणाऱ्याला ती सोसण्यासारखी होती. उतारावरून वाऱ्याच्या वेगाने खाली येणाऱ्याला ती सोसणारी नव्हती. परंतु तो मनुष्य अजून जन्माला यावयाचा होता.

युरोपियन लोकांनी ही विद्या पुष्कळ उशिरा आणि किंमत देऊन शिकली. १७८६ च्या ऑगस्ट महिन्यात मिशेल पाकार आणि जाक बाल्मा हे दोघे माँ ब्लाँ शिखरावर प्रथम चढले. उतरून येईपर्यंत डॉक्टर पाकार यांचे डोळे जवळजवळ मिटले होते. पुढच्या वर्षी जिनेव्हाचे शास्त्रज्ञ सोस्यूर यांनी त्याच शिखरावर जाताना तोंडावर काळ्या क्रेप कापडाचा झिरझिरीत पडदा घेतला. आल्प्समध्ये हा पडदा पुढे बराच काळ प्रचारात राहिला. त्याच्यामागोमाग निळ्या, हिरव्या, धुरकट काचांचे चष्मे आले. कडेने प्रकाश येऊ नये म्हणून त्यांना तारेच्या जाळीच्या किंवा चामड्याच्या बाजू लावीत. काच आली आणि एक जुने दुखणे नव्याने उद्भवले. बाजू बंद कराव्या तर काचेवर वाफ धरावी, आणि वाफ जावी म्हणून बाजू उघड्या ठेवाव्या तर प्रकाश आत यावा. या पेचातून वाट निघण्यास पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ गेला.

दक्षिण ध्रुवावरील मोहिमांत हा पेच किती भोवला याची नोंद तेथील प्रवाशांनी प्रामाणिकपणे करून ठेवली आहे. १९०२ च्या अखेरीस कॅप्टन स्कॉट, शॅकल्टन आणि डॉक्टर एडवर्ड विल्सन हे तिघे ८२ अंश दक्षिण अक्षांशाच्या पलीकडे गेले. विल्सन हे वैद्य आणि चित्रकारही होते. पूर्वी कोणाही माणसाने न पाहिलेल्या पर्वतरांगा समोर उभ्या. त्यांची रेखाटने करावयाची तर रंगीत काचेतून कसे चालेल? विल्सन चष्मा काढून चित्रे काढीत बसत. परिणाम व्हावयाचा तोच झाला. डोळ्यांत कोकेनचे थेंब घालूनही वेदना थांबेनात, आणि डोळ्यांवर पट्टी बांधून ते घसरगाडी ओढीत चालले. बाजूने स्कॉट त्यांना नव्या नव्या शिखरांचे वर्णन ऐकवीत होते. जो त्या देशाचे दर्शन जगाला घडविणार होता, त्यालाच ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागले.

याच्या उलट रोआल्ड आमुंडसेन यांचे उदाहरण आहे. १९११ मध्ये ध्रुवापर्यंतच्या सबंध प्रवासात त्यांनी अगदी फिकट पिवळ्या काचांचा साधा, बाजू उघड्या असलेला चष्मा वापरला, आणि त्यांना हिमांधतेचा त्रास झाला नाही. ती काच रासायनिक प्रक्रियेने अशी बनविली होती की अपायकारक किरण तीतच अडावेत. डोळे वाचविण्यासाठी काच काळीच असली पाहिजे, ही समजूत त्या फिकट चष्म्याने खोटी ठरविली. दुर्दैवाने ती समजूत बाजारात अद्यापि जिवंत आहे. काच नुसती काळी आणि अतिनील किरणांना वाट देणारी असेल तर ती अधिकच घातक. कारण अंधारामुळे डोळ्यांची बाहुली मोठी होते आणि वैऱ्याला दार सताड उघडे मिळते.

साधारण याच सुमारास इंग्लंडमध्ये सर विल्यम क्रूक्स हे वृद्ध रसायनशास्त्रज्ञ काचेच्या भट्टीपुढे काम करणाऱ्या मजुरांच्या मोतीबिंदूचा प्रश्न हाती घेऊन बसले होते. निरनिराळ्या धातूंची संयुगे मिसळून त्यांनी शेकडो प्रकारच्या काचा तयार केल्या आणि कोणती काच कोणता किरण अडविते हे मोजले. सीरियम या मूलद्रव्याने अतिनील किरण अडतात आणि काच मात्र जवळजवळ स्वच्छ राहते, असे त्यांना आढळले. १९१३ मध्ये त्यांनी आपला निबंध रॉयल सोसायटीपुढे मांडला. भट्टीतील कामगारांसाठी केलेली ही काच पुढे उन्हाच्या चष्म्यांतून जगभर गेली. कोणती काच डोळ्यांना राखते, हा प्रश्न येथे बहुतांशी सुटला असे म्हणावयास हरकत नाही. उरला तो दुसरा प्रश्न: ती काच डोळ्यांवर टिकावी कशी?

तो प्रश्न सुटला नसताना काय घडते, याचे सर्वांत दारुण उदाहरण हिमालयातच घडले. ३ जून १९५० रोजी मोरिस हेरझॉग आणि लुई लाशनाल हे दोघे फ्रेंच गिर्यारोहक अन्नपूर्णा शिखरावर पोचले. आठ हजार मीटरवरील शिखर मनुष्याने सर केल्याचा तो पहिला प्रसंग. परतीला त्यांचे हातपाय हिमदंशाने लाकडासारखे झाले. वरच्या छावणीत वाट पाहत असलेले लिओनेल टेरे आणि गास्तों रेब्युफा हे दोघे धडधाकट होते, आणि दुसऱ्या दिवशी त्या दोघांनी जखमींना घेऊन उतरण्यास आरंभ केला. वादळ, धुके, पडते हिम. दहा हातांवरचे दिसेना. वाट शोधावी कशी? वाटाड्यांनी चष्मे काढले. ढगाळ दिवशी ऊन नसते, तेव्हा चष्मा कशाला, हा तर्क कोणीही करील. परंतु ढग दिसणारा प्रकाश जितका अडवितो तितके अतिनील किरण अडवीत नाही. छावणी सापडलीच नाही. चौघांनी बर्फाच्या एका भेगेत रात्र काढली. पहाटे वरून कोसळलेल्या हिमाखाली त्यांचे बूट गाडले गेले. सकाळी टेरे आणि रेब्युफा हे पूर्ण आंधळे झाले होते. बाहेर लख्ख ऊन पडले होते आणि त्या दोघांना वाटत होते की अजून वादळच चालू आहे. ज्यांचे पाय शाबूत त्यांना डोळे नाहीत, आणि ज्यांना डोळे आहेत त्यांना पाय नाहीत. आंधळा आणि पांगळा यांची गोष्ट मुलांना बोधासाठी सांगतात. तेथे ती खरोखरच घडत होती. मार्सेल शाट्झ हा त्यांचा सहकारी अचानक वाटेत भेटला नसता तर चौघांचेही काय झाले असते, हे सांगावयास नको.

गिर्यारोहक हळू चालतो; त्याला निदान थांबून काच पुसता येते. स्की लावून उतारावरून घसरणाऱ्याला तेवढीही सवड नाही. स्की म्हणजे पायाला बांधावयाच्या लांब, अरुंद फळ्या. नॉर्वे-स्वीडनमध्ये त्या हजारो वर्षांपासून दळणवळणाचे साधन आहेत. १८८८ मध्ये फ्रित्योफ नान्सेन यांनी स्कीवरून ग्रीनलंड आडवे ओलांडले आणि या फळ्यांकडे मध्य युरोपाचे लक्ष वेधले. आल्प्सच्या तीव्र उतारांवर त्यांचे रूपांतर वेगाच्या खेळात झाले. स्वित्झर्लंडमधील म्यूरेन येथे १९२२ मध्ये अर्नल्ड लन यांनी आधुनिक पद्धतीची नागमोडी शर्यत भरविली. १९३६ मध्ये उतारावरील शर्यती ऑलिंपिकमध्ये आल्या आणि त्याच साली अमेरिकेतील सन व्हॅली येथे खुर्च्यांचा पाळणा सुरू होऊन लोक बसल्या बसल्या डोंगरमाथ्यावर पोचू लागले. वेगाने डोळ्यांत पाणी येते, आणि पाणावलेल्या डोळ्यांना खड्डा दिसत नाही. तेव्हा मोटार हाकणाऱ्यांचे आणि वैमानिकांचे, रबराच्या किंवा चामड्याच्या गादीचे गॉगल या खेळाडूंनी उसने घेतले. वारा अडला, परंतु वाफ कोंडली.

ही वाफ कशी धरते ते पाहण्याजोगे आहे. खेळाडूचा चेहरा घामाने ओला आणि उष्ण. काचेच्या बाहेर गोठणबिंदूच्या खालची हवा. आतील दमट हवा थंडगार काचेला टेकली की, उन्हाळ्यात बर्फाच्या पाण्याच्या पेल्यावर बाहेरून थेंब जमतात त्याप्रमाणे, काचेच्या आतल्या अंगावर दव जमते. पाळण्यात बसून वर जाताना गॉगल कपाळावर सरकवून ठेवण्याची सवय पुष्कळांना असते. ती तर आमंत्रण देण्यासारखीच, कारण कपाळ हा अंगातील वाफ बाहेर पडण्याचा मोठा मार्ग. मग उतारावर निघताच दोन पर्याय उरतात: आंधळेपणाने घसरणे, किंवा गॉगल काढून घसरणे. बहुतेक जण दुसरा पत्करीत.

यावर खरा उपाय शोधला तो एका दंतवैद्याने. अमेरिकेतील बॉब स्मिथ हे दात सरळ करण्याचा व्यवसाय करीत आणि ताजे, खोल हिम पडले की स्की घेऊन डोंगरावर धावत. हिम जितके खोल तितके ते उडून तोंडावर येते आणि गॉगल तितकाच निकामी होतो, हा अनुभव त्यांना वारंवार येई. १९६५ च्या सुमारास त्यांनी एकाऐवजी दोन भिंगे घेतली, त्यांच्यामध्ये हवेचा पातळ थर कोंडून कडा बंद केल्या, आणि वर-खाली वायुवीजनासाठी सच्छिद्र फोम बसविला. कोंडलेली हवा उष्णता जाऊ देत नाही. थंड प्रदेशातील घरांच्या दुहेरी खिडकीचे तत्त्वही हेच. बाहेरचे भिंग गोठले तरी आतले चेहऱ्याइतके नसले तरी बरेच उबदार राहते, म्हणून त्याच्यावर दव धरत नाही. आणि फोममधून ओली हवा निघून जाते पण हिमकण आत शिरत नाहीत. आरंभी ते असे गॉगल हाताने करून देत आणि मोबदल्यात पाळण्याची तिकिटे घेत, असे सांगतात. आज जगात जो जो बरा गॉगल विकला जातो तो या दुहेरी भिंगाचाच वंशज आहे. आतल्या भिंगावर पाणी शोषून पसरविणाऱ्या लेपाचा थर असतो. तो ओला असताना हातमोज्याने खसाखसा पुसला तर निघून जातो, ही गोष्ट विकणारे क्वचितच सांगतात. तो झटकून वाळू द्यावा हे बरे.

काचेची जागा पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकने घेतली. ते १९५३ मध्ये जर्मनी आणि अमेरिका येथे जवळजवळ एकाच वेळी शोधले गेले. पडल्यावर त्याचे तुकडे डोळ्यांत घुसत नाहीत, आणि ते स्वभावतःच जवळजवळ सर्व अतिनील किरण गिळते. त्यामुळे आज किरणांची चिंता पूर्वीइतकी उरली नाही. निवड करावयाची ती उजेडाची आणि आरामाची.

उजेडासाठी भिंगांचे ० ते ४ असे वर्ग ठरलेले आहेत आणि ते चौकटीवर किंवा पेटीवर छापलेले असतात. शून्य वर्गाचे भिंग ८० टक्क्यांहून अधिक प्रकाश आत सोडते आणि ते रात्रीसाठी. चौथ्या वर्गाचे केवळ ३ ते ८ टक्के, हिमनद्यांवरील रणरणत्या उन्हासाठी. त्या भिंगाने मोटार हाकणे धोक्याचे मानले जाते. सर्वसामान्य प्रवाशाला १८ ते ४३ टक्के सोडणारा दुसरा वर्ग पुष्कळसा पुरतो. निरभ्र दिवसांची खात्री असेल तर ८ ते १८ टक्क्यांचा तिसरा. एकच भिंग सर्वकाळ चालेल असे म्हणणाऱ्यावर फार विश्वास ठेवू नये. भिंग बदलता येणारी चौकट किंवा उजेडाप्रमाणे आपोआप गडद होणारे भिंग हे त्यावरचे उपाय; मात्र असे भिंग फिके होण्यास थोडा वेळ घेते, आणि उन्हातून देवदारांच्या सावलीत शिरणाऱ्याला तेवढा वेळ मिळतोच असे नाही. ध्रुवित भिंगांची पाण्याच्या काठी जी स्तुती होते ती बर्फावर पूर्ण लागू नाही. ती पृष्ठावरची चकाकी खाऊन टाकतात. आणि घट्ट गोठलेल्या, निसरड्या बर्फाची ओळख पुष्कळदा त्या चकाकीनेच पटते.

आराम ही चैनीची बाब नव्हे, हे नॉर्टन आणि विल्सन यांच्या हकिकतींनंतर कोणी म्हणेल असे वाटत नाही. गॉगल दुकानात आरशापुढे नव्हे, तर शिरस्त्राण घालून पारखावा. कपाळावर शिरस्त्राण आणि चौकट यांच्यामध्ये फट राहिली तर वारा आत शिरतो. नाकाजवळ फट राहिली तर श्वास वर चढून वाफ धरते आणि खालचा प्रकाश आत येतो. पट्टा सैल करून चौकट तोंडाला नुसती टेकवावी. ती सगळीकडे सारखी बसली पाहिजे, कोठेही बोचता कामा नये. पट्टा आवळून बसविलेला गॉगल तासाभरात कपाळ दुखवितो, आणि मग तो हातात येतो. युरोपियन चेहऱ्यांच्या मापाने केलेल्या चौकटी आशियाई नाकावर कित्येकदा उचलून राहतात, म्हणून निराळ्या ठेवणीच्या चौकटीही आता मिळतात. ज्यांना नंबरचा चष्मा आहे त्यांनी तो आत मावेल अशी, काड्यांसाठी बाजूला खाचा असलेली चौकट घ्यावी. चष्म्याच्या काचा मात्र एकेरीच असतात, आणि वाफ धरते ती त्यांच्यावर.

गुलमर्गच्या अफरवट डोंगरावर २००५ साली पाळण्याचा दुसरा टप्पा सुरू झाला, तो प्रवाशाला सुमारे तेरा हजार फुटांवर नेऊन सोडतो. पुण्या-मुंबईचे कुटुंब जेथे वर्षानुवर्षांची उन्हाची सवय घेऊन उतरते, तेथे ही सवय कामास येत नाही. स्की न करणाऱ्या आजोबांना आणि बर्फाचे गोळे फेकणाऱ्या नातवंडांनाही हे किरण सारखेच लागतात. भाड्याने मिळणारा गॉगल घेण्यास हरकत नाही; त्याचा फोम सुटलेला नसावा आणि दोन भिंगांच्या मध्ये ओल शिरलेली नसावी. ओल शिरलेला गॉगल पुसून साफ होत नाही.

एक अडचण मात्र या सर्व प्रगतीला पुरून उरली आहे. आभाळ भरून आले की हिमावर कोठेच सावली पडत नाही. आकाश पांढरे, जमीन पांढरी, आणि उंचवटा कोठे व खळगा कोठे हे कळेनासे होते. पिवळे, केशरी किंवा गुलाबी भिंग निळसर प्रकाश गाळून उरलेला भेद थोडा ठळक करते, म्हणून अशा दिवसांसाठी ते जवळ ठेवतात. परंतु जी सावली पडलीच नाही ती कोणतेही भिंग दाखवू शकत नाही. म्हणून शर्यतींच्या उतारांवर मार्ग तयार करणारे कामगार पाठीवर पिंप घेऊन फिरतात आणि बर्फावर निळ्या रंगाच्या आडव्या रेघा फवारतात. त्या रेघा जेथे वाकतात तेथे जमीन वाकली आहे, एवढे तरी खेळाडूला दुरून कळते.